बिझनेस डिरेक्टरीतून वेबसाइटला लिंक कशा मिळवायच्या: पहिल्या शीटपासून पुढची सगळी कामं

एक जुनी स्प्रेडशीट मी अजून डिलीट केलेली नाहीये. तिच्यात ३०० डिरेक्टऱ्यांची, म्हणजे वेगवेगळ्या धंद्यांचं नाव-पत्ता-फोन नोंदवून ठेवणाऱ्या साइटांची, नावं आहेत आणि प्रत्येकीपुढे हिरव्या रंगात "सबमिटेड" लिहिलंय. मी या कामात नवीन होतो तेव्हा माझ्या पहिल्याच क्लायंटसाठी एका एजन्सीकडून हे ३०० ठिकाणी नोंद करून देण्याचं पॅकेज घेतलं होतं, क्लायंटचा पंप दुरुस्तीचा व्यवसाय होता. फाइल हातात आली, वाटलं काम झालं. आठ महिन्यांनी त्यांचा फोन नंबर बदलला आणि तेव्हा कळलं की यातल्या एकाही डिरेक्टरीचं लॉगिन आमच्याकडे नाही, सगळी अकाउंट एजन्सीने स्वतःच्याच कुठल्यातरी मेलवर उघडलेली, एजन्सी फोन उचलेना, आणि इकडे लोक जुन्या नंबरवर फोन लावून "बंद पडलं वाटतं यांचं" म्हणून दुसरीकडे जातायत. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी बसून एकेका साइटला मेल लिहिण्यात गेले. आणि त्या नादात शोधायला गेलो तर ३०० पैकी पन्नाससुद्धा पानं गूगलमध्ये सापडेनात, म्हणजे ज्या लिंकसाठी हा सगळा खटाटोप केला ती बहुतेक ठिकाणी गूगलने कधी धरलीच नव्हती.

तेव्हापासून मी हे काम स्वतः करतो, सावकाश करतो आणि मोजक्याच ठिकाणी करतो. वीस-तीस चांगल्या जागा, सगळीकडे अगदी सारखी माहिती, आणि सगळे पासवर्ड आपल्या हातात. एवढं जमलं की बाकीच्या शेकडो डिरेक्टऱ्यांकडे ढुंकून नाही पाहिलं तरी चालतं. कसं करायचं ते खाली सगळं लिहितोय, जिथे वेळ जातो तिथे जास्त लिहिलंय.

डिरेक्टरीच्या लिंकला किंमत आली कुठून

हे थोडं समजून घ्या, नाहीतर पुढे कुठली डिरेक्टरी घ्यायची आणि कुठली सोडायची ते ठरवता येत नाही.

याहू १९९४ मध्ये सुरू झालं तेव्हा ते सर्च इंजिन नव्हतंच, स्टॅनफर्डमधल्या दोन विद्यार्थ्यांनी हाताने लावलेली वेबसाइटांची यादी होती ती. १९९८ मध्ये डीमॉझ नावाची डिरेक्टरी आली, तिथे स्वयंसेवक संपादक असायचे, ते साइट उघडून बघायचे आणि पटली तरच योग्य कॅटेगरीत घ्यायचे. त्याच वर्षी गूगल कंपनी सुरू झाली, आणि त्यांच्या पेजरँकचा, म्हणजे पानाचं महत्त्व मोजण्याच्या पद्धतीचा, पायाच हा होता की एका पानावरून दुसऱ्या पानाला लिंक म्हणजे एक प्रकारचं मत. आता विचार करा, माणसाने उघडून बघितलेली आणि निवडून घेतलेली लिंक म्हणजे किती वजनाचं मत झालं. डिरेक्टरीच्या लिंकची किंमत तिथून आली, संपादकाच्या नकार देण्याच्या अधिकारातून.

मग हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि नकारच न देणाऱ्या डिरेक्टऱ्यांचं पीक आलं. फॉर्म भरा, लिंक घ्या. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन अपडेट आणलं आणि असल्या लिंकवर उभ्या असलेल्या साइट धडाधड खाली आल्या. २०१६ पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य अल्गोरिदममध्येच मुरलं आणि तेव्हापासून भर अशा लिंकचं वजनच काढून घेण्यावर आहे. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या शेवटी बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. गूगलच्या स्पॅम पॉलिसीत लिंक स्पॅमची जी उदाहरणं दिलीयत त्यात हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांच्या लिंक आजही आहेत. नीट वाचा, हलक्या दर्जाच्या असं म्हटलंय, सरसकट सगळ्या डिरेक्टऱ्या नाहीत.

तर आज एखाद्या चांगल्या डिरेक्टरीतून तीन गोष्टी मिळतात. लिंक मिळते. तुमचं नाव, पत्ता, फोन आणखी एका ठिकाणी तसाच्या तसा सापडल्यामुळे सर्च इंजिनला तुमच्या माहितीची खात्री पटायला मदत होते. आणि तिसरं, तिथे शोधायला आलेला माणूस क्लिक करून तुमच्याकडे येतो. माझ्या अनुभवात ज्या डिरेक्टरीतून तिसरी गोष्ट मिळते तिथली पहिली गोष्टही कामाची निघते, आणि जिथे माणूसच फिरकत नाही तिथली लिंक बहुतेक वेळा मेलेलीच असते.

नोफॉलोचं पण इथेच बोलून टाकतो कारण त्यावर लोक फार अडतात. नोफॉलो २००५ मध्ये आलं, लिंकवर ती खूण असली की सर्च इंजिनला सांगितलं जातं की आम्ही या लिंकची हमी घेत नाही. २०१९ मध्ये गूगलने त्यात स्पॉन्सर्ड आणि यूजीसी अशा दोन खुणा वाढवल्या, पहिली पैसे देऊन घेतलेल्या लिंकसाठी, दुसरी वापरकर्त्यांनी टाकलेल्या लिंकसाठी, आणि तेव्हाच सांगितलं की यापुढे या खुणा आम्ही हुकूम म्हणून न धरता इशारा म्हणून धरू. मोठ्या, नावाजलेल्या बऱ्याच डिरेक्टऱ्या नोफॉलो लावतात. म्हणून त्या सोडायच्या का? अजिबात नाही. तिथे गिऱ्हाईक आहे, माहितीची खात्री आहे, आणि सगळ्याच्या सगळ्या लिंक डूफॉलो, म्हणजे अशी खूण नसलेल्या, असलेली साइट बघितली की उलट मलाच शंका येते.

पहिलं काम: एक शीट बनवा, तिच्याशिवाय एकही फॉर्म उघडू नका

हे कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. एका शीटमध्ये वरच्या बाजूला तुमची पक्की माहिती लिहून ठेवा, जी पुढे सगळीकडे फक्त कॉपी-पेस्ट होणार, हाताने टाइप करायची नाही.

व्यवसायाचं नाव बोर्डावर आहे तेच आणि तसंच. नावाच्या पुढे "बेस्ट पंप रिपेअर सर्व्हिस" वगैरे शेपूट जोडू नका, गूगल बिझनेस प्रोफाइलच्या, म्हणजे गूगलच्या सर्चमध्ये आणि नकाशावर दिसणाऱ्या तुमच्या नोंदीच्या, नियमात ते बसत नाही आणि त्यावरून प्रोफाइल सस्पेंड होतात. पत्ता एकाच पद्धतीने लिहायचा. एकीकडे "रोड" आणि दुसरीकडे "आर डी" लिहिलं म्हणून आकाश कोसळत नाही, तेवढं सर्च इंजिनला कळतं, पण गाळा नंबर एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, पिनकोड वेगळा आहे, मजला चुकलाय, असलं झालं की एकाच्या दोन लिस्टिंग तयार होतात आणि तो गुंता सोडवायला फार वेळ लागतो. फोन नंबर एकच, शक्यतो असा जो पुढची पाच-दहा वर्षं तुमच्याकडेच राहील. एखाद्या कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर कधीच देऊ नका.

वेबसाइटचा पत्ता म्हणजे उघडल्यावर ब्राउझरमध्ये शेवटी जो दिसतो तो. तुमची साइट एचटीटीपीएसवर, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट उघडत असेल तर तोच अख्खा पत्ता शीटमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक लिंक रीडायरेक्ट न होता थेट पानावर पोचेल.

मग वर्णन. तीन आकारात लिहून ठेवा, एक वाक्याचं, तीन-चार वाक्यांचं आणि मोठं. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे, तेव्हा मोठं वर्णन तेवढ्यात बसवा म्हणजे बहुतेक ठिकाणी चालून जातं. शिवाय लोगो, चार-पाच खरे फोटो, कामाच्या वेळा, सुट्टीचा दिवस, व्यवसाय सुरू झाल्याचं वर्ष, हे सगळं एका फोल्डरमध्ये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फक्त या कामासाठी एक वेगळा मेल आयडी, तुमच्या स्वतःच्या डोमेनवरचा. तो मालकाच्या ताब्यात. काम एजन्सीला द्या, पुतण्याला द्या, कुणालाही द्या, अकाउंट याच मेलवर उघडलं पाहिजे. मी जे दोन महिने घालवले ते फक्त या एका गोष्टीपायी.

शीटच्या खालच्या भागात कॉलम करा: डिरेक्टरीचं नाव, कॅटेगरी, कधी भरलं, अप्रूव्ह झालं का, लिस्टिंगच्या पानाची लिंक, लिंकचा प्रकार, लॉगिनची नोंद, पुढची तपासणी कधी. पासवर्ड शीटमध्ये लिहू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

आपली साइट आधी नीट करा

थोडक्यात सांगतो. शीटमधलं नाव-पत्ता-फोन तुमच्या वेबसाइटवर संपर्काच्या पानावर आणि फूटरमध्ये तसंच्या तसं असलं पाहिजे, आणि ते अक्षरांत, फोटोत नाही. कितीतरी साइटवर पत्ता बॅनरच्या चित्रात असतो, फोनवरून तो कॉपीही करता येत नाही. कुणाला जमत असेल तर लोकल बिझनेसचं स्कीमा, म्हणजे सर्च इंजिनला वाचता येईल असा माहितीचा कोड, लावा आणि त्यात सेमअॅज नावाची जी जागा असते तिथे मुख्य प्रोफाइलच्या लिंक द्या. शाखा एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येक शाखेचं वेगळं पान करा, डिरेक्टरीत त्या शाखेच्या नोंदीला तिच्याच पानाची लिंक द्यायची, होमपेजची नाही.

नवीन भरायच्या आधी, आपण आधीच कुठे आहोत ते शोधा

बऱ्याच जणांना माहीत नसतं की त्यांची नोंद त्यांनी न करताच दहा ठिकाणी झालेली असते. डिरेक्टऱ्या एकमेकींकडून, नकाशांवरून, सरकारी याद्यांमधून माहिती उचलतात.

गूगलमध्ये तुमचा फोन नंबर दुहेरी अवतरण चिन्हात टाकून शोधा. मग मधे स्पेस देऊन, मग देशाचा कोड लावून, कारण प्रत्येक साइट नंबर वेगळ्या पद्धतीने लिहिते. मग जुना नंबर. मग जुना पत्ता. मग व्यवसायाचं नाव, त्यापुढे "-site:" आणि त्याला लागूनच तुमच्या साइटचा पत्ता लिहून, म्हणजे तुमची स्वतःची साइट वगळली जाऊन फक्त बाकीच्यांची पानं दिसतील. जे सापडेल ते शीटमध्ये टाका.

तिथे "ही लिस्टिंग तुमची आहे का" किंवा "क्लेम" असं काहीतरी बटण असतं. ते दाबून, फोनवर किंवा मेलवर कोड मागवून लिस्टिंग ताब्यात घ्या आणि माहिती दुरुस्त करा. नवीन लिस्टिंग करण्यापेक्षा हे आधी करा, कारण जुनी तशीच ठेवून नवीन केली की डुप्लिकेट होते, रिव्ह्यू दोन ठिकाणी वाटले जातात आणि लोक नेमकी चुकीचीच उघडतात. दोन सापडल्या तर ज्यावर रिव्ह्यू जास्त आहेत ती ठेवा, दुसरी त्यांच्याकडे सांगून मर्ज करून घ्या किंवा काढून टाकायला लावा. नुसत्या या पायरीवर कधीकधी सात-आठ चालू लिंक हाताला लागतात, नवीन फॉर्म एकही न भरता.

कुठे भरायचं, यादी कशी बनवायची

पाया सगळ्यांसाठी सारखाच आहे. गूगल बिझनेस प्रोफाइल, ज्याला २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस म्हणायचे. बिंग प्लेसेस. अॅपलच्या नकाशांसाठी अॅपलची व्यवसाय नोंदणी, ती २०२३ मध्ये बिझनेस कनेक्ट या नावाने आली. ओपनस्ट्रीटमॅपवर पण तुमची जागा, फोन आणि वेबसाइट नोंदवता येते, खूप अॅप तो नकाशा वापरतात, फक्त तिथे जाहिरातीची भाषा चालत नाही, निव्वळ माहिती द्यायची. या चार जागांवरून लिंकचं वजन किती मिळतं यावर वाद घालत बसू नका, इथे माहिती बरोबर असणं हेच काम आहे, आधी हे चार पूर्ण करा.

त्यानंतर तुमच्या धंद्याच्या डिरेक्टऱ्या. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी जीटू आणि कॅप्टेरा, डिझाइन-डेव्हलपमेंटच्या एजन्सींसाठी क्लच, पर्यटनाला ट्रिपअॅडव्हायझर, घराचं डिझाइन आणि बांधकाम करणाऱ्यांसाठी हाउझ. प्रत्येक धंद्यात अशी एक-दोन ठिकाणं असतात जिथे खरेदी करणारा माणूस स्वतःहून जातो. तुमचं कुठलं ते शोधायचा सोपा मार्ग म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक असल्यासारखं सर्च करा, "पंप दुरुस्ती", "पंप मेंटेनन्स कंपन्या", अशी पाच-सहा वाक्यं, आणि पहिल्या दोन पानांवर कुठल्या डिरेक्टऱ्या येतात ते लिहून घ्या. जी डिरेक्टरी स्वतः तुमच्या शब्दांवर वर येते, तिच्यात तुम्ही असलंच पाहिजे.

तिसरा गट लोक विसरतात आणि माझ्या मते सगळ्यात चांगल्या लिंक तिथेच आहेत. तुम्ही ज्या व्यापारी संघटनेचे सभासद आहात तिची सभासद यादी. चेंबर ऑफ कॉमर्स. ज्या कंपनीच्या मालाचे तुम्ही डीलर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटर आहात तिचं "जवळचा विक्रेता शोधा" हे पान. ज्यांचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे त्यांची प्रमाणित व्यावसायिकांची यादी. ज्या प्रदर्शनात स्टॉल लावला तिथली सहभागी कंपन्यांची यादी. इथे कुणालाही फॉर्म भरून घुसता येत नाही, आधी तिथे तुमचा संबंध असावा लागतो, म्हणजे जुन्या संपादकाचा नकार देण्याचा अधिकार इथे अजून शाबूत आहे. गंमत म्हणजे यातल्या निम्म्या ठिकाणी तुमचं नाव आधीच असतं, फक्त वेबसाइटची लिंक नसते. एक साधा मेल पुरतो: आमचं नाव तुमच्या यादीत आहे, वेबसाइटचा पत्ता जोडाल का, पत्ता हा. त्या पंपवाल्या क्लायंटला ज्या लिंकचा खरा फायदा झाला ती एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पानावरची होती, दोन ओळींच्या मेलवर मिळालेली. ३०० च्या पॅकेजमध्ये ती नव्हती, असूच शकत नव्हती.

चौथा मार्ग, स्पर्धक. दोन-तीन स्पर्धकांची नावं आणि फोन नंबर तसेच अवतरण चिन्हात टाकून शोधा, त्यांची साइट वगळून. ते जिथे आहेत त्यातली चांगली ठिकाणं तुमच्या यादीत घ्या, पण त्यांनी केला म्हणून कचरा उचलू नका.

डिरेक्टरी तपासायची कशी

यादीत नाव घेतलं की प्रत्येक डिरेक्टरीला पाच-दहा मिनिटं द्या. मी कसं बघतो ते सांगतो.

आधी माझी कॅटेगरी उघडतो. पंप दुरुस्तीच्या कॅटेगरीत पंपवालेच आहेत का, की मधेच कर्जवाले, कॅसिनो आणि वजन कमी करायच्या गोळ्या आहेत? शेजारी कसे आहेत त्यावरून अर्धं कळतं. मग पहिल्या पानावरच्या दोन-तीन कंपन्यांच्या लिंकवर क्लिक करतो. त्यातल्या निम्म्या साइट बंद पडलेल्या निघाल्या तर समजायचं की इथे वर्षानुवर्षं कुणी साफसफाई केलेली नाही.

मग एखाद्या लिस्टिंगच्या वर्णनातलं एक अख्खं वाक्य कॉपी करून अवतरण चिन्हात गूगलमध्ये टाकतो. ते लिस्टिंगचं पान सर्चमध्ये आलं तर ठीक. नाही आलं तर अजून चार लिस्टिंगचं तसंच करून बघतो. एकही नाही आलं म्हणजे गूगल त्या डिरेक्टरीची पानं इंडेक्सच करत नाहीये, म्हणजे आपल्या सर्चच्या यादीत घेतच नाहीये, आणि जे पान इंडेक्समध्ये नाही त्यावरच्या लिंकचा सर्चसाठी काही उपयोग धरू नका. सबमिट केलेल्या लिंक मोजणाऱ्या रिपोर्टमध्ये ही गोष्ट कुणी सांगत नाही.

त्यानंतर कॉम्प्युटरवर पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडतो, बहुतेक ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि यू दाबलं की उघडतो, आणि त्यात त्या कंपनीच्या वेबसाइटचं नाव शोधतो. चार प्रकार दिसतात. साधी लिंक, उत्तम. नोफॉलो (nofollow) किंवा यूजीसी (ugc) लिहिलेली लिंक, चालेल, जर तिथे लोक येत असतील तर. तिसरा प्रकार, लिंक आधी डिरेक्टरीच्याच एखाद्या "गो" किंवा "आउट" पत्त्यावर जाते आणि तिथून पुढे ढकलते, यात लिंकचं वजन पोचेल याचा भरवसा नाही. आणि चौथा, लिंकच नाही, नुसतं बटण आहे आणि ते स्क्रिप्टने साइट उघडतं. गूगल स्वतःच सांगतं की पत्ता दिलेला साधा लिंकचा टॅग असेल तरच आम्ही ती लिंक खात्रीने धरू शकतो. त्याच सोर्समध्ये नोइंडेक्स (noindex), म्हणजे हे पान सर्चमध्ये घेऊ नका अशी सूचना, हा शब्दही शोधा, तो सापडला तर विषय संपला.

शेवटी बघायचं ते हे, की नोंद दुरुस्त करायची आणि काढून टाकायची सोय आहे का, आणि साइट चालवणारा कोण आहे हे कुठे लिहिलंय का. घुसायला दार आहे पण बाहेर पडायला नाही अशा डिरेक्टरीत मी आता जात नाही.

डोमेन अथॉरिटी, डोमेन रेटिंग असले साइटचं वजन सांगणारे आकडे पण लोक बघतात. बघा, हरकत नाही, पण ते मोझ आणि एएचरेफ्स या कंपन्यांनी स्वतःच्या हिशोबाने काढलेले आकडे आहेत, गूगलचे नाहीत, आणि फुगवलेले आकडे सर्रास दिसतात. वरच्या तपासणीत नापास झालेली साइट आकडा मोठा आहे म्हणून घेऊ नका.

फॉर्म भरताना

कॅटेगरी सगळ्यात नेमकी निवडा. "सर्व्हिसेस" मध्ये टाकलं तर कोण शोधणार तुम्हाला, "पंप दुरुस्ती" आहे ना, ती घ्या. गूगलमध्ये एक मुख्य आणि त्याशिवाय नऊपर्यंत कॅटेगरी घेता येतात, पण सगळ्या भरल्याच पाहिजेत असं नाही.

वर्णनाचं बघा. हे असं येतं माझ्याकडे: "आम्ही नंबर वन पंप दुरुस्ती कंपनी असून बेस्ट पंप दुरुस्ती, स्वस्त पंप दुरुस्ती आणि उत्तम पंप सर्व्हिस देतो." यातून गिऱ्हाइकाला काय कळलं? काहीच नाही. आता हे: "सबमर्सिबल आणि सेंट्रिफ्युगल पंपांची दुरुस्ती, मोटर रिवाइंडिंग आणि वार्षिक मेंटेनन्स. बंद पडलेला पंप जागेवर येऊन तपासतो, तिथे होणार नसेल तर वर्कशॉपला नेतो. इमारती, कारखाने आणि शेतीचे पंप करतो." दुसऱ्यात शोधायचे शब्द जास्त आहेत आणि एकही मुद्दाम कोंबलेला नाही. मोठ्या पाच-सहा ठिकाणी हे वर्णन थोडं वेगळं करून लिहा, एका ठिकाणी रिवाइंडिंगवर भर, दुसरीकडे मेंटेनन्सवर, म्हणजे प्रत्येक पानाला स्वतःचं काहीतरी राहतं. बाकीच्या ठिकाणी शीटमधलं तसंच चालेल. नाव-पत्ता-फोन मात्र कुठेही बदलायचं नाही.

अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक लागते ते, निवडायला मिळालं तर व्यवसायाचं नाव द्या. सगळीकडे "स्वस्त पंप दुरुस्ती" अशी लिंक लावणं हे स्पॅमचं अगदी ठरलेलं लक्षण आहे.

कुठल्या डिरेक्टरीतून किती लोक आले हे मोजायला लिंकच्या शेवटी यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, जोडायची इच्छा होते. गूगल प्रोफाइलवर जोडा, तिथे फार उपयोग होतो. बाकी डिरेक्टऱ्यांमध्ये मी साधाच पत्ता देतो, रेफरलचा आकडा अॅनालिटिक्समध्ये तसाही बऱ्यापैकी दिसतो आणि लिंक स्वच्छ राहते.

पैसे मागितले तर

मागतातच. पैसे घेऊन नोंद करणं यात चूक काही नाही, चेंबर सुद्धा वर्गणी घेते. प्रश्न कशासाठी घेतात हा आहे. लोक तिथे शोधायला येतात आणि तुम्ही त्या लोकांसाठी पैसे देताय तर द्या, आणि महिन्याला किती फोन आले ते मोजा. पण "इतके पैसे भरा, डूफॉलो लिंक देतो" एवढीच ज्याची जाहिरात आहे तो सरळ सरळ लिंक विकतोय, आणि रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमाबाहेर आहे, पैशाच्या लिंकवर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो असायला हवं. "तुम्ही आमची लिंक तुमच्या होमपेजवर लावा मग आम्ही तुमची घेतो" हेही नको, लिंकची अशी अदलाबदल ढिगाने करणं पण त्याच यादीत आहे.

अजून एक. नोंद झाली की काही दिवसांत फोन सुरू होतात, कुणी म्हणतं "गूगलकडून बोलतोय, तुमची लिस्टिंग बंद होणार आहे". गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, असा फोन आला की ओटीपी द्यायचा नाही आणि फोन ठेवायचा. मेलवर कधीकधी रिन्यूअलचं बिल येतं अशा डिरेक्टरीचं जिच्यात तुम्ही कधी नावच दिलेलं नाही. बिल भरणाऱ्या माणसाला शीट दाखवून ठेवा, शीटमध्ये नाव नसेल तर बिल भरायचं नाही.

भरल्यानंतर

आठवड्याला तीन-चार भरा. गूगल संशय घेईल म्हणून नाही, प्रत्येकाचं व्हेरिफिकेशन, कोड, मेल सांभाळायला तेवढाच वेळ हवा म्हणून. तीन आठवड्यांनी शीट उघडून अप्रूव्ह न झालेल्यांना एक मेल करा. अप्रूव्ह झालेलं पान उघडून स्वतः क्लिक करून बघा, लिंक बरोबर पानावर जाते का, नंबर बरोबर छापलाय का. मग महिन्या-दीड महिन्याने तेच अवतरण चिन्हाचं काम करून पान इंडेक्स झालंय का बघा. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये लिंक्सचा रिपोर्ट असतो, त्यात लिंक देणाऱ्या साइट दिसतात, पण तो सगळ्या लिंक दाखवत नाही, नमुना दाखवतो, तेव्हा एखादी नाही दिसली म्हणून लगेच घाबरू नका.

रिव्ह्यूंची सोय असेल तर खऱ्या गिऱ्हाइकाला काम झाल्या झाल्या लिंक पाठवा. बदल्यात काही द्यायचं नाही, आणि वाईट रिव्ह्यूला शांतपणे उत्तर लिहायचं. नुसत्या नाव-पत्त्याच्या पानापेक्षा वीस लोकांनी लिहिलेलं पान वाचायला जास्त लोक येतात, आणि तुमची लिंक त्याच पानावर असते.

आधीच कुणीतरी शेकडो कचरा डिरेक्टऱ्यांमध्ये भरून ठेवलं असेल तर? बहुतेक वेळा काही करायची गरज नाही, गूगल त्या लिंक सोडून देतं. नको त्या लिंक धरू नका असं गूगलला सांगायला २०१२ मध्ये आलेलं डिसअवाव टूल आहे, पण सर्च कन्सोलमध्ये लिंकबद्दल मॅन्युअल अॅक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस आली असेल किंवा तशी येणार अशी खात्रीची भीती असेल तरच त्याला हात लावा, उगाच चांगल्या लिंक त्यात गेल्या तर नुकसान तुमचंच. त्या जुन्या ठिकाणी फोन नंबर चुकीचा असेल तर मात्र दुरुस्त करायच्या मागे लागा, कारण तिथे त्रास गिऱ्हाइकाला होतो.

वर्षातून दोनदा शीटमधली प्रत्येक लिंक उघडा. डिरेक्टऱ्या विकल्या जातात, बंद पडतात, डोमेन दुसऱ्याच्या हातात जातं आणि कालची चांगली जागा आज भलत्याच धंद्याची होते.

आणि नंबर किंवा पत्ता बदलायची वेळ आली तर क्रम असा ठेवा: आधी स्वतःची वेबसाइट, त्याच दिवशी गूगल, बिंग आणि अॅपल, मग धंद्याच्या डिरेक्टऱ्या आणि संघटना, मग बाकीची शीट वरून खाली. जुना नंबर लगेच बंद करू नका, नव्यावर फॉरवर्ड करून चालू ठेवा. दर महिन्याला जुना नंबर अवतरण चिन्हात टाकून शोधा आणि जिथे जिथे दिसेल तिथे दुरुस्त करा. शोधल्यावर एकही पान येईनासं झालं आणि फॉरवर्डवर फोन येणंही थांबलं, की मग जुना नंबर सोडा.